शेतात जुनी नाणी निघाली तर? गुप्तधन, मेटल डिटेक्टर आणि तुमचा हक्क

उन्हाळी नांगरट सुरू झाली की एकाच प्रकारची पत्रे येऊ लागतात. कुणाच्या फाळाला लागून मडके फुटते आणि ढेकळांत नाणी सांडतात. कुणाच्या विहिरीच्या खोदाईत अक्षरे कोरलेला तांब्याचा पत्रा निघतो. कुठे जेसीबीने बांध सरकवताना मूर्तीचा हात वर येतो. पत्रांतले प्रश्न साधारण तीन असतात. ‘सरकारला कळवले तर सगळे घेऊन जातील का?’ ‘सराफाला मोड म्हणून दिले तर काय बिघडते?’ आणि अलीकडे वाढलेला तिसरा: ‘ऑनलाइन मेटल डिटेक्टर मिळतो, तो घेऊन आपल्याच शेतात शोध घेतला तर चालेल ना?’

पहिल्या प्रश्नामागची भीती बरीचशी गैरसमजातून आलेली आहे. कळवणाऱ्याचा हिस्सा कायद्याने मान्य केला आहे. हिस्सा जातो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो तो लपवणाऱ्याच्या बाबतीत.

निर्णयापुरता कायदा

मुख्य कायदा जुना आहे: भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या वास्तूत दडलेली कोणतीही मौल्यवान वस्तू म्हणजे ‘निधी’. तिची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल तर शोधणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. १८७८ साली १० रुपये ही मोठी रक्कम होती. आज झिजलेली एक शिवराईसुद्धा या मर्यादेपलीकडे जाऊ शकते, म्हणून ‘एवढ्याशा नाण्याचे काय कळवायचे’ असे म्हणून सोडून देऊ नका.

दुसरा कायदा १९७२ चा, पुराणवस्तू आणि कलामूल्य असलेल्या वस्तूंबद्दलचा. १०० वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, शिलालेख, ताम्रपट यांना तो लागू होतो. हस्तलिखितांसाठी ही मुदत ७५ वर्षांची आहे. परवान्याशिवाय पुराणवस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. बेकायदा निर्यातीला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद आहे. मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे.

तिसरा गट संरक्षित स्मारके आणि स्थळे यांच्या कायद्यांचा: केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा. तुमचे शेत केंद्राने संरक्षित केलेल्या स्थळाच्या हद्दीत येत असेल तर तिथे पीक घेता येते, पण एक फुटापेक्षा खोल खणायचे तर परवानगी लागते. हद्द तुमच्या गटातून जाते का, हे तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व विभागाकडे आधी विचारून घ्या. विहीर, शेततळे किंवा फळबागेचे खड्डे ठरवण्याआधी तर नक्कीच.

सापडल्या क्षणी काय कराल

- औत, ट्रॅक्टर, जेसीबी जिथे आहे तिथे थांबवा. ‘अजून असेल’ म्हणून आजूबाजूला खणू नका.
- मोबाइलवर फोटो काढा: एक लांबून, बांध, झाड किंवा विहीर अशी खूण दिसेल असा, एक जवळून, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून. मोबाइलमधले स्थान नोंदवून ठेवा.
- जमिनीपासून किती खोल निघाले ते मोजा. मातीचा रंग पाहा. त्याच खड्ड्यात राख, हाडे, विटा, खापरे आहेत का तेही लिहा.
- मडके फुटले असेल तर त्याची खापरेही गोळा करा. नाणी मडक्यातच असतील तर ओतून मोजत बसू नका. मातीसकट तसेच राहू द्या. तळाची नाणी आधी पडलेली आणि वरची नंतरची, हा क्रम जाणकारांना पुष्कळ सांगतो.
- काहीही धुऊ नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांपैकी कशानेही घासू नका. तांब्यावरचा हिरवा थर घासून काढला की त्याखालची अक्षरेही जातात आणि नाण्याचे मोलही.
- मूर्ती किंवा वीरगळ असेल तर शेंदूर, तेल, रंग लावू नका. गावाला ती देवळात बसवायची इच्छा होते, ती भावना खरी आहे. पण आधी नोंद होऊ द्या.
- त्या वेळी हजर असलेल्या सगळ्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढे वाटणीचा प्रश्न येतो तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

निघालेली वस्तू तोफगोळ्यासारखी, पंखे असलेली किंवा टोकदार लोखंडी असेल तर वरचे सगळे विसरा आणि लांब जा. देवळालीचा तोफखाना सराव, अहिल्यानगरजवळची के. के. रेंज यांसारख्या लष्करी सराव क्षेत्रांच्या शेजारच्या गावांत न फुटलेले गोळे निघतात आणि भंगार म्हणून ते हाताळताना माणसे दगावली आहेत. अशा वेळी ११२ वर फोन करा.

अर्ज कुणाकडे, कसा

कायद्यात नाव जिल्हाधिकाऱ्यांचे आहे. प्रत्यक्षात तलाठी किंवा पोलीस पाटलांना सांगितले की निरोप वर जातो. पण तोंडी सांगणे म्हणजे कळवणे नव्हे. लेखी अर्ज करा, तहसील कार्यालयाच्या आवकमध्ये द्या, वर ‘मा. जिल्हाधिकारी’ लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. ती पोच नसेल तर तुम्ही कळवले होते हे पुढे सिद्ध करणे अवघड जाते.

अर्जात तीन गोष्टी असाव्याच लागतात: काय आणि अंदाजे किती किमतीचे सापडले, कुठे सापडले (गाव, गट क्रमांक, सातबारा कुणाच्या नावे), आणि कोणत्या तारखेला. त्याखाली प्रत्यक्ष कुणाच्या हाताला लागले त्याचे नाव आणि हजर असलेल्यांची नावे लिहा. किंमत कळत नसेल तर ‘किंमत माहीत नाही’ असे लिहून संख्या आणि वजन द्या.

वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, असे दोन पर्याय कायद्यात आहेत. जमा करताना पंचनाम्याचा आग्रह धरा. त्यात ‘काही जुनी नाणी’ असे मोघम लिहू देऊ नका. धातू, नग, एकूण वजन लिहिले जावे, फोटो जोडले जावेत आणि एक प्रत तुमच्या हातात यावी. हे मागण्यात संकोचण्यासारखे काही नाही.

त्याचबरोबर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला एक प्रत पाठवा. महसूल खात्याला निधी दिसतो, पुरातत्त्वज्ञाला स्थळ दिसते. दोघांनाही कळलेले बरे. ओळख पटवण्यापुरता सल्ला हवा असेल तर पुण्याचे डेक्कन कॉलेज किंवा नाण्यांसाठी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था यांना फोटो दाखवता येतात.

पुढे काय होते, आणि वाटणी कशी

अर्जानंतर चौकशी होते आणि जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात. ज्यांचा दावा असेल त्यांनी अमुक दिवशी हजर राहावे, असे त्यात असते. ही तारीख सूचनेनंतर चार महिन्यांच्या आत नसते आणि सहा महिन्यांच्या पुढे नसते. त्या दिवशी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहा. सूचना निघूनही जो हजर राहत नाही त्याचा दावा बुडतो, मग तो जमिनीचा मालक का असेना.

‘हे आमच्या आजोबांनी पुरले होते’ असे कुणी म्हणत असेल तर? निधी १०० वर्षांच्या आत पुरलेला आहे आणि दावा करणाऱ्याचा किंवा त्याच्या पूर्वजाचा आहे असे मानायला कारण दिसले, तर जिल्हाधिकारी त्याला दिवाणी न्यायालयात जाण्यासाठी मुदत देतात. मराठवाड्यात रझाकारांच्या काळात दागिने पुरून घर सोडल्याच्या आठवणी ज्या कुटुंबांत सांगतात, त्यांच्यासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे. दागिन्यांची जुनी यादी, फोटो, घरातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब असे जे असेल ते जपा.

असा दावा नसेल किंवा टिकला नाही, तर निधी बेवारस ठरतो. या निर्णयाविरुद्ध दोन महिन्यांत अपील करता येते. त्यानंतर वाटणी अशी:

- शोधणारा आणि जमीनमालक एकच असेल आणि जमिनीवर दुसऱ्या कुणाचा दावा नसेल, तर निधी शोधणाऱ्याला.
- शोधणारा वेगळा आणि जमिनीची मालकी निर्विवाद असेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, मालकाला एक चतुर्थांश.
- दोघांनी आपसांत करार केला असेल तर करारानुसार.

दुसरा मुद्दा पुन्हा वाचा. सालगडी, विहीर खोदणारा मजूर, जेसीबीचा चालक यांच्या हाताला निधी लागला तर मोठा वाटा त्यांचा आहे. मजुराच्या हातात पाचशे रुपये ठेवून त्याला गप्प करणारे मालक कायद्याने त्याच्या हक्कावर घाला घालतात, आणि लपवण्यात साथ दिल्याबद्दल स्वतःचा एक चतुर्थांश हिस्साही गमावतात. मजूर बांधवांनीही हे ध्यानात ठेवावे: मालकाने ‘मी बघतो’ म्हटले तरी कळवण्याची जबाबदारी शोधणाऱ्याची आहे. मालक अर्ज देणार असेल तर त्यावर आपले नाव शोधणारा म्हणून आले आहे ना, ते पाहून सही करा.

निधी प्रत्यक्ष वाटून देण्याऐवजी शासन तो स्वतःकडे घेऊ शकते. तेव्हा मिळते ती धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. इथे मात्र कायदा तोकडा आहे, असे मला स्पष्टपणे वाटते. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्याचे मोल शिशाच्या भावाने करणे अन्यायाचे आहे आणि लपवाछपवीचे ते एक मोठे कारणही आहे. ही तरतूद बदलायला हवी. ती बदलेपर्यंत तुमच्या हिशेबात हा आकडा धरा. संग्राहकांच्या बाजारातला भाव धरू नका.

न कळवल्यास शोधणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. साथ देणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत.

जागा का जपायची

सराफाच्या मुशीत काय जळते, ते तीन उदाहरणांवरून पाहा.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. पराभूत राजाचे चलन विजेत्याने आपले करून घेतले, याचा इतका ठोस पुरावा दुसरा नाही. हा निष्कर्ष साठा एकत्र मोजता आला म्हणून निघाला. तीच नाणी मूठमूठ करून गावोगावच्या सराफांकडे गेली असती तर हे प्रमाण कुणाला कधीच कळले नसते.

विदर्भात तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये सापडलेल्या साठ्यात सोने-चांदी नव्हतीच. हलक्या मिश्रधातूची सातवाहन नाणी होती. मोडीत घातली असती तर फारसे काही हाती लागले नसते. पण संशोधक वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि कुंभ, कर्ण, शक अशा सातकर्णींची नावे पुढे आली, जी पुराणांतल्या राजांच्या याद्यांत नाहीत.

तिसरे उदाहरण दायमाबादचे. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणणाऱ्या एका ग्रामस्थाला ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून ६० किलोंहून जास्त वजन. भारतीय प्रागितिहासातल्या या अत्यंत मोलाच्या वस्तू वितळल्या नाहीत, हे आपले भाग्य. नंतर पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे मोठे उत्खनन केले. तरीही त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, हा वाद राहिलाच. कुणी त्यांना उत्तर हडप्पा काळात नेतात, तर कुणी धातूच्या रासायनिक घटकांवरून पुष्कळ अलीकडे आणतात. वस्तू आहेत, पण त्या उत्खननात, मातीच्या ओळखता येण्याजोग्या थरातून मिळालेल्या नाहीत, म्हणून वाद निर्णायकपणे सुटत नाही. खोली, मातीचा रंग आणि सोबतची खापरे लिहून ठेवा, असे मी वर इतक्या आग्रहाने सांगितले ते यासाठी.

मेटल डिटेक्टर घ्यावा का?

अंगठी हरवली, नांगराचा बोल्ट मातीत गेला, जुन्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह सापडत नाही, अशा कामांसाठी स्वतःच्या शेतात डिटेक्टर फिरवायला हरकत नाही. पुराणवस्तू काढण्यासाठी तो घेणार असाल, तर माझा सल्ला सरळ आहे: घेऊ नका.

पहिले कारण व्यवहाराचे. हातात धरायचे सर्वसाधारण यंत्र नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत दाखवते. त्यात आपली काळी जमीन बसाल्टच्या दगडापासून बनलेली. तिच्यात लोहाचे चुंबकीय कण भरपूर, त्यामुळे यंत्र उगाच वाजत राहते आणि खरी खोली आणखी घटते. शेतात वाजणाऱ्या गोष्टी म्हणजे बैलांच्या पत्र्या, खिळे, तारेचे तुकडे, बाटल्यांची झाकणे, कीटकनाशकांच्या डब्यांचे पत्रे. ‘पन्नास फुटांवरचे सोने दाखवणारे यंत्र’ म्हणून लाखभर रुपयांना विकले जाते ती शुद्ध फसवणूक आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर. यंत्र फक्त धातू दाखवते. तो धातू काढायला घातलेला खड्डा मात्र चूल, धान्याचे पेव, घराची जमीन, हाडे असे सगळे कापत जातो. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर तर असा एक खड्डा दोन-तीन हजार वर्षांचे थर एकत्र कालवून टाकतो. घरांच्या धाब्यांसाठी आणि खत म्हणून पांढरीची माती नेऊन आपण कितीतरी जुनी गावठाणे आधीच सपाट केली आहेत. उरली आहेत ती तरी खणू नका.

पुढील जागी यंत्र नेऊच नका:

- किल्ले, लेणी, गढ्या, जुनी मंदिरे आणि त्यांचे संरक्षित क्षेत्र. केंद्र-संरक्षित स्मारकाला इजा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- वनखात्याची जमीन, गायरान, नदी व धरणाचे पात्र.
- दुसऱ्याचे शेत, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय. खंडाने घेतलेले शेतही यात आले. खंड पिकाचा दिलेला असतो.
- लष्करी सराव क्षेत्राच्या आसपास कुठेही.

शोधाची खरीच ओढ असेल तर नजर पुरते. पहिल्या पावसानंतर पांढरीवर आणि नुकत्याच वखरलेल्या रानात फिरा. काळी-तांबडी खापरे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी, दगडी पाती वर आलेली दिसतात. उचलून घरी नेऊ नका. फोटो, जागा, तारीख यांची वही ठेवा. गावोगावी अशा वह्या झाल्या तर संशोधकांना त्यांचा मोठा उपयोग होईल. स्थानिक इतिहास मंडळ किंवा महाविद्यालयाचा इतिहास विभाग शोधा, त्यांच्या सर्वेक्षणात सामील व्हा.

ब्रिटनमध्ये राहणारे काही मराठी वाचक लिहितात की तिथे हा छंद राजरोस चालतो. चालतो, पण नियमांत. इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळांवर बंदी आहे, आणि १९९६ च्या कायद्यात बसणारा निधी १४ दिवसांत कॉरोनरला कळवावा लागतो. बाजारभावानुसार बक्षीस मिळते, म्हणून लोक कळवतात. तिथले व्हिडिओ पाहून इथल्या रानात तसे करू नका. इथला कायदा वेगळा आहे.

मांत्रिक आणि ‘स्वस्त सोने’

तुमच्या जमिनीत धन आहे, ते काढायला पूजा, बळी किंवा पायाळू माणूस लागेल, असे सांगणारा दारात आला तर पोलिसांत कळवा. गुप्तधनाच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्ये २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. अशा नादात लहान मुलांचे जीव गेले आहेत. इथे ‘पाहू या तर खरे’ ही वृत्तीसुद्धा नको.

‘नांगरताना सोन्याची नाणी सापडली, सराफाकडे नेता येत नाहीत, तुम्हाला निम्म्या भावात देतो’ हा दुसरा प्रकार. दाखवायला एक खरे नाणे, पिशवीत पितळ. काही वेळा निर्जन जागी बोलावून सरळ लुटतात. आणि नाणी खरी निघाली तरी दडवलेला निधी विकत घेतल्याबद्दल तुम्हीच अडचणीत येता.

अनेक वर्षांपूर्वी सापडलेले घरात असेल तर

अशी पत्रे दबक्या सुरातली असतात. वडिलांना सापडलेली नाणी पितळी डब्यात आहेत, आता कळवले तर काय होईल? उशीर झाला हे खरे. कायदा ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणतो. पण स्वतःहून पुढे येणारा आणि विकताना पकडला जाणारा यांच्याकडे एकाच नजरेने पाहिले जाण्याची शक्यता कमी. आधी वकिलाचा सल्ला घ्या. खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना तिथे मोफत वकील मिळतो. जाण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कुणाला, कुठल्या शेतात, साधारण कोणत्या साली, कशात सापडले आणि त्यांतले किती नग कुणाला दिले गेले, हे लिहून घ्या आणि त्यांची सही घ्या. वकील पहिल्यांदा हाच कागद मागतील.